तिसरा रकाना

बोटेझरीच्या रोपवाटिकेत
मला पौषात मोजायला पाठवलं होतं.
नोंदवहीत दोन रकाने: जिवंत, मृत.
खिळ्याला टांगलेला तापमापक पहाटे सहावर यायचा
आणि धुई इतकी, की वाफ्याच्या त्या टोकाला
भागरताबाई आत्राम
नुसता खोकला होती.

पहिल्याच दिवशी मी चारशे बारा रोपं मारली
निळ्या शाईने.
शिवण, बिजा, मोईन.
काळ्या पिशवीत माती, मातीत काडी,
काडीवर पान नाही.
मी तरी काय लिहिणार होतो?

संध्याकाळी तिने वही मागितली.
अक्षर येत नव्हतं, रेघा मोजता येत होत्या.
"इतके? काऊन जी, पटकी आली का?"
मग उकिडवी बसली,
एक काडी दोन बोटांत धरली
आणि अंगठ्याच्या नखानं साल खरवडली,
तिळाएवढी.

आत हिरवं.
ओलं, ताज्या वाटाण्यासारखं हिरवं.

"मेली नाई. घरात हाय,
दार लावून."

पुढे दोन महिने मी ते दार पाहत हिंडलो.
पान गळायच्या आधी
फांदी त्यातलं कामाचं सगळं माघारी बोलावते,
खळ्यावरचा दाणा घरात यावा
आणि भूस मागे राहावं तसं.
मग देठाशी बुचाची चकती बसते.
वारा येतो तेव्हा हिशेब कधीच मिटलेला असतो.
सालईच्या फांदीवर मी त्या खुणा मोजल्या,
शिवल्यासारखे बारीक टिपके,
आणि प्रत्येकीच्या वर, मिटलेली,
मोहरीएवढी एक मूठ.

ऐन आपलं पाणी पोटात घेऊन उभा असतो,
अंगावर मगरीची पाठ.
रानकांदा तर वर नावालाही उरत नाही,
आपण त्याच्या छपरावरून चालतो.
शेजारी गाडगूंच्या बांधात मात्र
हरभरा थंडी पिऊन पसरत होता.
पहाटे त्यातून गेलं की
आंबेनं पोटऱ्या चरचरायच्या.
सगळ्यांचा हिवाळा एक नसतो.

सागाच्या जड्या आम्हीच कापल्या.
वर दोन बोटं, खाली वीतभर मूळ,
बाकी काही ठेवलं नाही.
खड्ड्यात एक थर वाळू, एक थर जड्या,
पुन्हा वाळू.
मी झारा उचलला तर तिनं हात धरला.
"पानी देशीन तं उठतीन.
आता उठून कुठी जातीन?"

सगळं काही जिवंत नव्हतं.
नखाखाली तपकिरी निघालं
की ती काडी तिथेच मोडायची,
शेकोटीत टाकायची
आणि त्यावर काळा चहा ठेवायची.
एकदाही हळहळली नाही.

माघात मी पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला.
डोक्यावर बराच वेळ काही सुचेना.
शेवटी लिहिलं: थांबून.
टेंभुर्णे साहेबांनी लाल पेनानं तो खोडला,
शेरा मारला, नमुन्यात असा रकाना नाही.
खोडलेल्या रकान्यातच मी आकडे भरत राहिलो.

ऊन तापू लागलं तशी
माझ्या चारशे बारांपैकी तीनशे सत्तावन्न फुटली.
कोंब आधी तांबूस,
नवजात कानाच्या पाळीसारखे.
भागरताबाईनं पाहिलं,
"हाव," म्हणाली,
आणि पाण्याचा पाइप ओढायला गेली.

उरलेल्या पंचावन्न आम्ही मोडल्या.
चोपन्न.
एक शिवण तिनं मोडू दिली नाही.
नख तिनंच लावलं होतं,
बुडापर्यंत तपकिरी, मीही पाहिलं.

"राहू द्या जी," म्हणाली,
"मुळाले नाई इचारलं अजून."